अंगणात गप्प, रानात बोलणारी मशीन

मी अपराधी मनाचा माणूस आहे. मी दुकानात असताना घरी दूध उतू गेलं, तरी सकाळी निघताना आपण गॅसकडे नजर टाकली नाही ही चुटपुट मला दिवसभर पुरते. बायको म्हणते, हा स्वभाव नाही, आजार आहे. असेल. पण या आजारानं एकदा माझ्या हातून एक काम धसास लावून घेतलं, आणि त्याचा आनंद अजून माझ्या अंगात आहे. ते काम म्हणजे एका मशीनमधला आवाज शोधणं.

सेलूला आमचं जनावरांच्या खाद्याचं दुकान होतं. सरकी, ढेप, चुनी, कुटार. दुकानाला लागून गोदाम आणि गोदामामागे एक खोली. त्या खोलीत आमचा ट्रॅक्टरचा ड्रायव्हर बायकोसह राहायचा. दुकान माझे मोठे भाऊ पाहत. वडील गेल्यापासून घरात शेवटचा शब्द त्यांचाच. सारा बाजार त्यांना नुसतं 'भाऊ' म्हणे, आणि मीही. मी त्यांच्याहून बराच लहान, त्यामुळे उन्हातली कामं माझ्याकडे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस भाऊंनी पंजाबातून एक जुनी मशीन आणवली. ती ट्रॅक्टरमागे जोडायची आणि कापून वाळवलेल्या गवताच्या ओळीवरून ओढत न्यायची. खालचे दाते गवत उचलून आत घेत, आतला लोखंडी दट्ट्या ते धपाधप दाबून बसवी, सुतळीच्या गाठी आपोआप पडत, आणि मागून चौकोनी गठ्ठा बाहेर येई. आणणाऱ्यानं तिचं नाव बेलर सांगितलं होतं. आमच्याकडे ती 'गठ्ठा मशीन' झाली. तोवर गवत बंडीतून मोकळं यायचं. रस्त्यानं बंडी चालली की बैल दिसत नसत, नुसती गंजी चालल्यासारखी वाटे. आता तेच गवत विटांसारखं रचता येऊ लागलं. पहिल्या वर्षी लोक कामं टाकून पाहायला उभे राहत. ड्रायव्हर त्यांच्याकडे न बघता, मान ताठ ठेवून, अगदी सरळ ओळ धरून जायचा.

हा ड्रायव्हर मीच आणलेला होता. माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठा असेल. कमी बोलणारा, पण बोलला तर टोचून बोलणारा. भाऊंचं आणि त्याचं कधी फारसं जुळलं नाही. भाऊंना 'हो जी' ऐकायची सवय, आणि हा 'पाहू' म्हणायचा.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर हिंगणीकडच्या एका शेतकऱ्याचं कुरण आम्ही घेतलं. बोर धरणाच्या बाजूची उतरती जमीन, कमरेएवढं मारवेल आणि मधूनमधून कुसळीचं गवत. संध्याकाळी घरी गेलं की पायजम्यातल्या कुसळी काढण्यात तास जायचा. तिथं पहिल्याच दिवशी मशीनमधून तो आवाज आला. दट्ट्याची धपधप चालू असताना मधूनच 'खळ्ळ', मग थोडं थांबून पुन्हा 'खळ्ळ'. जणू लोखंडाचा एखादा तुकडा आत सुटा झाला आहे आणि घरंगळतो आहे.

मी ड्रायव्हरला हात करून थांबवलं. "आयकलं का?"

"कवाचं आयकून राह्यलो," तो म्हणाला. "मले वाटलं तुमच्या खिशातले पैसे वाजून राह्यले."

मशीन उघडली. काही दिसलं नाही. ग्रीस भरलं, बोल्ट आवळले, पुन्हा चालवली. पुन्हा 'खळ्ळ'.

संध्याकाळी भाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "आत तुकडा फिरत असन तं गाठी मारायचा भाग फोडन तो. इथं कोठी भेटते त्याचा सामान?" ते खरंच होतं. गाठी मारणारा तो नाजूक भाग मोडला असता तर हंगाम तिथंच संपला असता. मशीन गोदामाच्या अंगणात आणवली. जागच्या जागी उभी ठेवून ट्रॅक्टरच्या जोरावर सुरू केली. दोन गड्यांनी दाताळ्यांनी गवत तिच्या तोंडाशी टाकलं. भाऊ कमरेवर हात ठेवून ऐकत उभे राहिले. धप, धप, धप. गठ्ठा बाहेर पडला, दुसरा पडला. दुसरा कसलाही आवाज नाही.

"कुठं हाय आवाज?" भाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रानात नेली, तर आवाज हजर.

असं दोनतीनदा झालं. अंगणात मशीन शहाण्या सुनेसारखी गप्प, आणि रानात गेली की बोलू लागे. भाऊंनी हिशेब मांडला आणि तो वरवर पाहता चुकीचाही नव्हता. मशीन तीच, गवत तेच, ट्रॅक्टर तोच. फरक एकच, रानात ती ड्रायव्हर चालवतो. म्हणजे तो ती बांधावरून, दगडावरून आपटत नेतो, आत काहीतरी हलतं आणि वाजतं. आज वाजतं, उद्या मोडेल.

"तुले काय वाटते?" त्यांनी मला दुकानात, सगळ्यांसमोर विचारलं.

मी गप्प राहिलो. मला तसं वाटत नव्हतं; पण वाटत नाही असं ठामपणे म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं. माझं गप्प राहणं भाऊंनी होकार समजून घेतलं. त्यांनी तिथूनच नालवाडीच्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला आणि दुसरा ड्रायव्हर पाठवायला सांगितलं. तो येत्या बाजाराच्या दिवशी येणार होता. आमच्या ड्रायव्हरनं तोवर कुरण उरकायचं आणि मग खोली रिकामी करायची.

खोली हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. त्याच्या बायकोनं त्या खोलीपुढे तुळस लावली होती, वांग्याची चार झाडं लावली होती. नोकरी दुसरी मिळाली असती, पण मशीन फोडणारा ड्रायव्हर म्हणून जो शिक्का बसला असता तो तालुक्याच्या गावात पुसला जात नाही. आणि तो माझ्या गप्प राहण्यानं बसणार होता.

मी त्याला सांगायला गेलो तर त्याला आधीच कळलं होतं. ट्रॅक्टरच्या चाकाशी बसून तो बिडी ओढत होता.

"आवाज मी शोधतो," मी म्हणालो.

"शोधा," तो म्हणाला. "सापडला तं मले बी सांगजा, काऊन का माह्याशी तं तो बोलत नाई."

त्या दिवसापासून मी मशीनच्या मागे लागलो. रानात ती चालायची आणि मी तिच्या बाजूनं पळायचो. कधी उजवीकडून, कधी डावीकडून, कान तिरका करून. तोंडात भुसा, डोळ्यांत भुसा. गवत कापणाऱ्या बायकांना फुकटचा तमाशा झाला. त्यांच्यातली एक वयस्क बाई, जिला सगळ्या 'मावशी' म्हणत, ती हात कपाळाला लावून म्हणाली, "पाह्य वं, ढेपवाल्याच्या पोराले मशीनचं याड लागलं. लग्न झालं का याचं?"

"झालं," दुसरी म्हणाली.

"मंग बायकोचं काय आयकत असन हा. तिच्यामांगं असा पळत नसन."

मी हसलो, पण पळणं थांबवलं नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी दट्ट्याच्या पोकळीत हात घालून कोपरा न् कोपरा चाचपला. आणि एका कोपऱ्यात, दाबल्या गेलेल्या गवताच्या थराखाली, माझ्या हाताला लोखंड लागलं. ओढून काढलं. विळा. मूठ मोडलेला, पातं वाकलेलं.

मी तो डोक्यावर धरून नाचलो असेन. ड्रायव्हरनं बिडी फेकली. बायका जमल्या. मावशीनं विळा हातात घेतला, उलटसुलट केला आणि एकदम खाली बसली.

"हा तं माहा विळा," ती म्हणाली. "आन् मी चार दिवस सुनेले म्हनून राह्यली का तूच इकला म्हून."

सगळ्या हसल्या. मावशीही हसली, पण घरी जाऊन सुनेला काय सांगायचं या विचारात ती तिथंच बसून राहिली. मला मात्र त्या क्षणी जगातले सगळे प्रश्न सुटल्यासारखे वाटले. मशीन जोडली, सुरू केली, ओळीवर घेतली.

खळ्ळ.

ड्रायव्हरनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग समोर तोंड करून पुन्हा ओळ धरली. त्या संध्याकाळी मी सेलूला परतताना स्वतःला खूप बोललो. सापडलं असं घाईनं मानायला नको होतं. त्याच्या चेहऱ्यावर घटकाभर जो उजेड आला होता, तो मी आणला आणि मीच विझवला.

बाजाराच्या आदल्या दिवशी कुरणाचा शेवटचा तुकडा राहिला होता. सकाळपासून मी पुन्हा पळत होतो. मला आता शंका येऊ लागली होती की आवाज माझ्या डोक्यातच आहे. अकराच्या सुमारास सुतळी संपली. ड्रायव्हरनं ट्रॅक्टरवरून मशीनला मिळणारी ताकद तोडली. दट्ट्या थांबला. नवी सुतळी झाडाखाली ठेवलेली होती, म्हणून तो मशीन तशीच ओढत झाडाकडे निघाला. मी थकून मागून चालत होतो. दट्ट्या बंद, दाते बंद, गाठी बंद.

आणि मला ऐकू आलं. खळ्ळ. खळ्ळ.

मी जागीच थांबलो. यंत्र बंद होतं आणि आवाज चालू होता. म्हणजे आवाज यंत्राचा नव्हताच. गवत दाबण्याशी, गाठी मारण्याशी, दट्ट्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. मशीन सरकली की तो येत होता. आणि अंगणात आम्ही मशीन प्रत्येक वेळी जागेवर उभी करून चालवली होती. सगळं फिरत होतं, फक्त चाकं सोडून. रस्त्यानं ती ट्रॅक्टरमागे खडखडत वेगानं जायची, तिथं कान देणार कोण?

मी ओरडतच ट्रॅक्टरपुढे गेलो. "चाक! आतनी काही नाई, चाक हाय!"

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. खाली उतरला, चाकाला लाथ मारून पाहिली. मशीनचं डावं चाक पोळ्याच्या सुमारास डुगडुगू लागलं होतं. त्याचं बेअरिंग इकडे मिळेना, म्हणून भाऊंनी ते हिंगणीच्या एका म्हाताऱ्या लोहाराकडे पाठवून बेअरिंगच्या जागी बुश, म्हणजे धातूची नळी, बसवून घेतलं होतं. त्यानंतर चाक सरळ, घट्ट चालत होतं, म्हणून कोणाला त्याची आठवणही राहिली नव्हती.

"चाक तं पक्कं हाय," ड्रायव्हर म्हणाला. "ट्रॅक्टरच्या आवाजात काही समजत नाई, छोटे भाऊ."

म्हणून मला बैल सुचले. ट्रॅक्टरच नको. कुरणाचा मालक बाजूच्या वावरात बैलजोडी घेऊन होता. त्याला बोलावलं. त्याचा विश्वास बसेना. "पंजाबच्या मशीनले माहे बैल?" पण त्यालाही गंमत वाटली असावी. ट्रॅक्टर सोडला, मशीनच्या दांड्याला सागाचा एक जाड वासा चऱ्हाटानं आवळला, बंडीला असते तशी धुरी केली आणि जू चढवलं. बायका विळे टाकून आल्या. मावशी म्हणाली, "आता हा मशीनले पोळ्यात फिरवते वाटते."

मालकानं बैलांना हाक दिली. बैलांनी जोर लावला, मशीन कुरकुरली आणि हलली. उतार होता, त्यामुळे पहिल्या दमानंतर ती सहज चालू लागली. आणि त्या शांततेत, इंजिन नाही, दट्ट्या नाही, डाव्या चाकातून आवाज आला. तो 'खळ्ळ' नव्हताच मुळी. आजूबाजूच्या गोंगाटानं त्याला 'खळ्ळ' बनवलं होतं. मोकळा ऐकला तर तो छन्, छन्, छन् असा होता, थोडासा दबलेला, पण तालात.

बैलांचे कान उभे झाले. दोघांनी एकदमच माना वर केल्या आणि पावलं उचलली. मघाशी जड पावलांनी ओढणारी जोडी झपझप चालू लागली. मालक कासरा ओढत पळत होता आणि हसत होता. "अबे थांबा, थांबा! पट नोय हा!" मग माझ्याकडे वळून ओरडला, "हे तं पटाच्या दमणीवाणी वाजून राह्यलं बाप्पा!"

शंकरपटाच्या बैलशर्यती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. आमच्याकडे दमणी, म्हणजे बसून जायची हलकी बैलगाडी, मुकी नसते. तिच्या आखावर, चाकाच्या तोंडाशी, मुद्दाम सैल लोखंडी कड्या घालतात. चाक फिरलं की कड्या एकमेकींवर वाजतात आणि त्या तालावर बैल पाय उचलतात. तो आवाज मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. मशीनच्या पोटात तो असेल ही कल्पनाच मला कधी आली नाही. बैलांनी मात्र पहिल्या फेरीत ओळखला.

बैल आवरल्यावर ड्रायव्हरनं छिन्नी लावून चाकावरची पत्र्याची टोपी उचकटली. आत ग्रीसमध्ये माखलेल्या दोन जाड कड्या, गुळगुळीत घासलेल्या, छान गोल. तुटकं काही नाही. झिजलेलं काही नाही. बुश जसा बसवला तसा होता. मी त्या कड्या बोटांनी हलवल्या आणि त्या बारीक वाजल्या.

ड्रायव्हर उकिडवा बसून त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "यायच्यापायी माही खोली चालली होती."

आम्ही मोटरसायकलवर थेट लोहाराकडे गेलो. तो भात्याशी बसला होता. कड्यांबद्दल विचारलं तर त्याला प्रश्नच समजला नाही.

"टाकल्या न कड्या," तो म्हणाला. "चाकात कड्या नाई टाकायच्या तं काय टाकायचं?"

"काका, ते ट्रॅक्टरमांगं चालते. त्याले बैल नाई."

"बैल नसले म्हून काय झालं? चाक तं हाय न." त्यानं घाम पुसला. "मुकं चाक मी कोनाले देत नाई. तुमच्या बापालेबी दिलं नाई, इचारा मोठ्या भाऊले."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगायचं काय त्यात? चहात साखर टाकली हे सांगते का कोनी?"

ड्रायव्हर इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली. त्या हंगामात मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. लोहार आमच्यावर रागावलाच होता. त्याच्या लेखी त्यानं चांगलं काम केलं होतं आणि दोन बावळट माणसं तक्रार घेऊन आली होती. मी त्याचे पाय धरले. का धरले ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. एवढंच आठवतं की इतके दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं. कोणीच काही मोडलं नव्हतं. ड्रायव्हरनं नाही, मी नाही, म्हाताऱ्यानंही नाही. मला दोष शोधायची इतकी सवय की दोष नसलेला आवाजही असू शकतो, हे मला त्या दिवशी नव्यानं कळलं.

परत आलो तेव्हा ड्रायव्हर टोपी बसवायला लागला. मी म्हणालो, कड्या काढून टाकू. तो म्हणाला, "नका काढू. आता मोठ्या भाऊले आयकवू."

उरलेलं गवत दुसऱ्या दिवशी सकाळी बांधून झालं. बाजाराचा दिवस. मी मोटरसायकलनं पुढे निघालो आणि भाऊंना सगळं सांगितलं. दट्ट्या, सुतळी, बैल, लोहार. भाऊ माझं ऐकत होते, पण चेहऱ्यावर काही नव्हतं. दुकानापुढच्या बाकावर नालवाडीचा नवा ड्रायव्हर आपली पिशवी मांडीवर घेऊन बसलेला होता. तो सकाळच्या गाडीनंच आला होता.

"कड्या," भाऊ शेवटी म्हणाले. "मी आयकल्याबिगर मानत नाई."

"आयका मंग," मी म्हणालो. भाऊंशी मी या आवाजात आधी कधी बोललो नव्हतो. "तो येऊन राह्यला. त्या दिवशी तुमी मले इचारलं आन् मी गप राह्यलो. आज सांगतो. त्यानं मशीन फोडली नाई. त्याच्या हातानं आजलोक एक गठ्ठा वाकडा पडला नाई."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती ढेपेकडे पाहू लागली.

थोड्या वेळानं ट्रॅक्टर बाजाराच्या रस्त्याला लागला. गर्दीमुळे ड्रायव्हर अगदी हळू येत होता. आमच्या दुकानाच्या अलीकडे चढ संपून उतार लागतो. तिथं त्यानं इंजिन बंद केलं, आणि ट्रॅक्टर आणि मशीन, दोन्ही उतारावरून आपोआप, गपचूप घरंगळत आली. गपचूप नाही. छन्, छन्, छन्. भाजीवाल्या बायकांनी मान वर केली. एका म्हाताऱ्यानं दमणी येते आहे समजून सवयीनं आपली टोपली रस्त्यावरून मागे ओढली, आणि समोर ते लाल लोखंडी धूड पाहून तसाच उभा राहिला. ड्रायव्हर स्टिअरिंगवर ताठ बसला होता, मान सरळ, कोणाकडे न बघता, पहिल्या वर्षी रानात बसायचा तसा. कोणीतरी शिट्टी वाजवली. मला इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते पुसलंही नाही.

दुकानासमोर येऊन त्यानं ब्रेक दाबला. आवाज थांबला.

भाऊ पायऱ्या उतरून गेले. डाव्या चाकाशी वाकले. हातानं चाकावर एक थाप मारली, जशी बैलाच्या वशिंडावर मारतात तशी. ड्रायव्हर वरून बघत होता. भाऊंना माफी मागता येत नसे, आणि ड्रायव्हरला ती मागायला लावता येत नसे.

मग भाऊ वळले आणि बाकावरच्या माणसाकडे गेले. तो उठून उभा राहिला.

"बस, बस," भाऊ त्याला म्हणाले. "चहा पिऊन जाजो. आमच्या गाडीले ड्रायव्हर हाये."